विमानांतील ठिणगी : जुनी आणि नवी

गेल्या मार्गशीर्षांत एका घरगुती कार्यानिमित्त वालचंदनगरास चार दिवस मुक्काम करण्याचा आम्हांस योग आला. इंदापूर तालुक्यांतील हें गांव म्हणजे पुणें जिल्ह्यांतील एक नवलच म्हटलें पाहिजे. कळंब या लहानशा खेड्याच्या शिवारांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं ऊस लावला, साखरेचा कारखाना उभारला, आणि कारखान्याभोंवतीं आखीव गांव वसविलें. पुढें तेथेंच मोठमोठीं यंत्रें घडूं लागलीं. आपल्या देशाच्या अग्निबाणांच्या मोटारींचीं पोलादी कवचें या गांवीं तयार झालीं आहेत. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय अग्निबाण हा नव्हे. त्या गांवाच्या डोक्यावरून घोंगावत जाणारीं लहान विमानें, आणि त्यांच्या पोटांत पडणारी इवलीशी ठिणगी, हा आहे.

जवळच बारामतीस धांवपट्टी आहे व तेथें वैमानिकी शिकविली जाते. सकाळीं अंगणांत चहा घेत बसावें, तों उसाच्या मळ्यांवरून घरघर ऐकूं येते आणि थोड्याच वेळांत एका पंख्याचें, दोन माणसांचें विमान दृष्टीस पडतें. गांवचीं मुलें आतां मान वर करूनहि पाहत नाहींत, इतकें तें नित्याचें झालें आहे. आम्ही मात्र प्रत्येक वेळीं पाहत होतों. आणि त्या घरांत आणखी एक व्यक्ति पाहत होती. ती म्हणजे आमची अठ्ठ्यांऐशीं वर्षांची मावशी.

तिच्या पाहण्यास कारणहि तसेंच होतें. आमचे मावसबंधु कारखान्यांत पस्तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेले. घरांत ते, वहिनी, दोन मुलगे, सुना व नातवंडें. त्यांतील थोरली नात बारामतीस विमान चालविण्यास शिकत होती, आणि आठच दिवसांनीं तिला एकटीनें दूरच्या गांवापर्यंत जाऊन परत यावयाचें होतें. घरांत कोणी उघड बोलत नसे. पण २०२२ सालच्या जुलैंतील गोष्ट कोणी विसरलेंहि नव्हतें. याच इंदापूर तालुक्यांत, कडबनवाडीच्या शिवारांत, अशाच एकट्या उड्डाणावर निघालेल्या शिकाऊ मुलीचें विमान इंजिनाची शक्ति जाऊन शेतांत कोसळलें होतें. मुलगी सुदैवानें किरकोळ दुखापतीवर बचावली.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मावशीनें पणतीस जवळ बसविलें आणि विचारलें, "काय गं, तुमचं ते इंजिन चालतं तरी कशावर?"

"पेट्रोलवर, मोठी आजी. आणि ठिणगीवर."

"पेट्रोल मोजून घालता येतं. ती ठिणगी बंद पडली तर?"

प्रश्न साधा होता. पण त्यावर घरांत जें संभाषण रंगलें तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें. धाकटे चिरंजीव संगणकाच्या धंद्यांतले. ते म्हणाले, "मोठी आजी, खरी गोष्ट अशी, की त्या सेस्ना विमानांत अजून पणजोबांच्या काळचे मॅग्नेटो आहेत. आपल्या दारातल्या दुचाकीलाही इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे! जुनं काढून नवं बसवलं, की काळजी मिटली." मावसबंधूंस हें पटेना. ते म्हणाले, "अरे, काळजी मिटली की नुसती बदलली, ते आधी पाहा." सुदैवानें त्यांचे एक शाळासोबती त्या वेळीं तेथें आले होते. हे गृहस्थ विमानांच्या देखभालीचे परवानाधारक अभियंते. परदेशीं असतांना त्यांनीं अशी नवी यंत्रणा स्वहस्तें बसविली होती. त्यांनीं दोन्ही पक्ष ऐकून घेऊन जें समजाविलें, त्याचा सारांश पुढें देत आहों.

प्रथम जुन्याचा विचार करूं. लोहचुंबक तांब्याच्या वेटोळ्यापाशीं फिरविला असतां वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें शाळेंत सर्वांनींच वाचलेलें असतें. मॅग्नेटो म्हणजे याच तत्त्वाची पेटी. इंजिन आपल्या दांतेरी चाकांनीं तिच्यांतील चुंबक फिरवितें. नेमक्या क्षणीं दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून अलग होतात. त्याबरोबर हजारों वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उसळतो, आणि तो प्लगच्या टोंकाशीं ठिणगीच्या रूपानें प्रगट होतो. येथें बॅटरी लागत नाहीं. इंजिन फिरत आहे तोंवर ठिणगी आहे, आणि ठिणगी आहे तोंवर इंजिन फिरत आहे. दोघेंहि एकमेकांच्या आधारानें चालतात.

उच्च दाबाची ठिणगी देणारा असा मॅग्नेटो जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड या अभियंत्यानें १९०२ सालीं सिद्ध केला. पुढच्याच वर्षीं राइट बंधूंचें विमान उडालें. १९२७ सालीं लिंडबर्ग एकटा एका इंजिनावर साडेतेहेतीस तास अटलांटिक महासागरावरून उडत गेला, तो मॅग्नेटोच्याच भरंवशावर. स्वतः वालचंद शेठजींच्या विमानोद्योगाचीहि हीच कथा. १९३९ सालीं प्रवासांत त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यवसायी गृहस्थाशीं गांठ पडली, आणि १९४० च्या डिसेंबरांत बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. म्हैसूर संस्थाननें तीस हात दिला. महायुद्धाच्या धामधुमींत १९४२ सालीं सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. पुढें त्याच कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे या कोल्हापूरकडील विद्वानानें, ज्यानें जर्मनींत गटिंगेन येथें प्रांट्ल यांच्या हाताखालीं अध्ययन केलें होतें, एचटी-२ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान रचलें. तें १९५१ सालीं उडालें व त्यावर आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या. त्याच्याहि इंजिनास मॅग्नेटोच होते, आणि ते दोन होते.

हे दोन असणें महत्त्वाचें आहे. सेस्ना १५२ या विमानाच्या इंजिनास चार सिलिंडर असतात व प्रत्येकास दोन प्रमाणें आठ प्लग. एका मॅग्नेटोकडे चार, दुसऱ्याकडे चार. इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदास २० वेळां पेटतो. आठ प्लग मिळून १६० ठिणग्या होतात. तासाभराच्या उड्डाणांत ही संख्या पावणेसहा लाखांच्या घरांत जाते. यांपैकीं एक मॅग्नेटो सर्वस्वीं बंद पडला, तरी दुसऱ्याच्या चार प्लगांवर इंजिन चालूं राहतें. शक्ति किंचित् उणावते एवढेंच. म्हणूनच उड्डाणापूर्वीं वैमानिक इंजिन १७०० फेऱ्यांवर आणून एकेक मॅग्नेटो पाळीपाळीनें बंद करून पाहतो. फेरे १२५ हून अधिक कमी होतां कामा नयेत, व दोहोंमधील फरक ५० हून अधिक असतां कामा नये. तसें झाल्यास विमान जमिनीवरच राहतें. पणतीनें हें सांगितलें तेव्हां मावशीची मुद्रा थोडी निवळली. "म्हणजे दोन समया लावता. बरं करता," ती म्हणाली.

मग इतक्या गुणी वस्तूंत उणें तें काय? चिरंजीवांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. ठिणगी पडली कीं सिलिंडरांतील सर्व मिश्रण एकदम पेटतें असें नाहीं. ज्वाळेस पसरण्यास वेळ लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोंकास पोंचण्याच्या आधींच, फेऱ्याच्या मापानें वीस-पंचवीस अंश अगोदर, ठिणगी टाकावी लागते. परंतु उंचावर हवा विरळ होते, इंजिनावरचा भार कमी होतो, मिश्रण सावकाश जळतें. तेथें ठिणगी आणखी लवकर पडली तर इंधनाचें चीज होतें. उलट, इंजिन सुरू करतांना तें अगदीं मंद फिरत असतें. त्या वेळीं ठिणगी लवकर पडली तर पिस्टनास उलटा धक्का बसतो. जुन्या मोटारसायकलची किक उलटी बसून ज्यांची पोटरी सुजली आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको. यासाठीं मॅग्नेटोस एक स्प्रिंगचा टक्‌टक् वाजणारा जोड लावून सुरुवातीपुरती ठिणगी लांबणीवर टाकतात. पण एकदां इंजिन चालूं झालें कीं मॅग्नेटोस एकच मुहूर्त ठाऊक. जमिनीवर असो वा दहा हजार फुटांवर, तो तोच मुहूर्त साधणार. शिवाय मंद गतींत त्याची ठिणगी अशक्त असते, पॉइंट झिजतात, आणि दर ५०० तासांनीं त्यास उघडून तपासावें लागतें.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन येथें वरचढ ठरतें. त्यांत घासणारे पॉइंट नसतात. एक सेन्सर इंजिनाचें चाक कोठवर आलें तें टिपतो, दुसरा आंत जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो, आणि एक लहानशी नियंत्रक पेटी या दोहोंचा हिशेब करून प्रत्येक ठिणगीचा क्षण ठरविते. पूर्ण शक्तीवर नेहमींचे अंश. उंचावर, हलक्या भारांत, त्याहून अगोदर. सुरू करतांना जवळजवळ शेवटच्या क्षणीं. ठिणगी दणकट व अधिक वेळ टिकणारी. त्यामुळें थंडींतहि इंजिन चटकन् सुरू होतें, शिसेयुक्त विमान-पेट्रोलनें प्लग काजळण्याचा त्रास कमी होतो, आणि उंचावरच्या सरळ प्रवासांत इंधनाची बचत होते. पुण्यांतील ज्या घरांनीं पॉइंटच्या स्कूटरी वापरून पुढें इलेक्ट्रॉनिक गाड्या घेतल्या, त्यांस हा फरक अनुभवानें ठाऊक आहे. पॉइंटला कचरा आला म्हणून रस्त्यांत उभें राहण्याचे दिवस गेले तें यामुळेंच.

एवढें ऐकल्यावर चिरंजीव विजयी मुद्रेनें पाहूं लागले. तेव्हां अभियंते महाशयांनीं हळूच विचारलें, "स्कूटर बंद पडली तर तुम्ही काय करता?"

"बाजूला घेतो."

"वर बाजू नसते," ते म्हणाले. आणि मग त्यांनीं या विषयांतील मर्म सांगितलें.

मॅग्नेटो बंद करण्याची रीत विलक्षण आहे. त्याची कळ बंद केली म्हणजे वीज तुटते असें नव्हे. उलट एका तारेनें मॅग्नेटो इंजिनाच्या धातूशीं जोडला जातो व त्याची वीज तेथें जिरते. आतां ही तार वाटेंत तुटली तर काय होईल? मॅग्नेटो बंदच होणार नाहीं. उड्डाणांत असतां वैमानिकास याची दादहि लागणार नाहीं. इंजिन सुरळीत चालेल. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची गोष्ट नेमकी उलटी. तिला बाहेरून वीज हवी. वीज आणणारी तार तुटली, फ्यूज उडाला किंवा बॅटरी बसली, कीं तिची ठिणगी त्याच क्षणीं विझते. एकाची तार तुटली तर तो चालूं राहतो. दुसरीची तुटली तर ती बंद पडते. ठिणगी किती झगझगीत आहे हें विचारण्याआधीं तार तुटल्यावर काय होतें हें विचारावें, असें त्यांचें सांगणें होतें.

जुन्याच्या या गुणांतहि एक काळ दडलेला आहे, हें त्यांनीं मुलीस बजावून सांगितलें. बंद करणारी तार तुटलेली असेल तर जमिनीवर उभ्या, किल्ली काढलेल्या विमानाचा पंखा कोणी सहज हातानें फिरविला, तरी इंजिन दणका मारून फिरूं शकतें. म्हणून उभ्या विमानाच्याहि पंख्यास चालूं समजूनच वागावें. मावशीनें हें वाक्य पणतीकडून दोनदां म्हणवून घेतलें.

मग नवी यंत्रणा बसवावयाची कशी? शहाणी रीत अशी, कीं दोन मॅग्नेटोंपैकीं एकच काढावा व त्या जागीं नवी यंत्रणा बसवावी. दुसरा मॅग्नेटो जसाच्या तसा ठेवावा. कामास हात घालण्यापूर्वीं कागद पाहावे लागतात. त्या जातीच्या विमानास व इंजिनास ती यंत्रणा बसविण्याची संमति असावी लागते, आणि काम परवानाधारक अभियंत्याच्या सहीखेरीज पुरें होत नाहीं. घरच्या गाडीस बाजारांतून आणून कांहीं तरी लावावें, तसा प्रकार येथें नाहीं.

प्रत्यक्ष कामांत प्रथम बॅटरीची तार सोडवितात, प्लग काढतात, आणि पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरींत नेमक्या खुणेवर आणून ठेवतात. ही खूण चुकली तर पुढचें सर्व चुकलें. नंतर इंजिनाच्या मागील अंगास असलेला मॅग्नेटो उतरवून त्याच बैठकींत नवा भाग बसवितात. ठिणगीचीं कॉइलें वेगळीं असल्यास तीं धुराच्या तापलेल्या नळ्यांपासून दूर बसवावीं लागतात, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा उष्णतेइतका दुसरा वैरी नाहीं. हवेचा दाब मोजण्याची बारीक नळी जोडतात. प्लगच्या टोंकांमधील फट मॅग्नेटोसाठीं सुमारें अर्धा मिलिमीटर असते. नव्या यंत्रणेस ती बहुधा अधिक ठेवतात, आणि तें माप करणाऱ्याच्या पुस्तकाप्रमाणेंच असावें लागतें. प्लगच्या तारा जाळीच्या आवरणाच्या असाव्या लागतात. नाहीं तर वैमानिकाच्या कानांतील रेडिओंत प्रत्येक ठिणगी कडकडूं लागते.

परंतु अर्धें कसब आहे तें विजेच्या तारेंत. ही तार मुख्य कळीवरून न नेतां स्वतःच्या फ्यूजासह थेट बॅटरीपासून आणतात. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. विमानांत जळका वास आला अगर धूर दिसला, तर वैमानिकानें सर्व विजेची मुख्य कळ बंद करावी असा नियम आहे. नव्या यंत्रणेची वीज त्याच कळीवरून आली असेल, तर धूर विझवितां विझवितां निम्मी ठिणगीहि विझेल. तसेंच जमिनीची तार, म्हणजे धातूशीं जोडणारी, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागींच घट्ट बसवावी लागते. कित्येकदां सगळी यंत्रणा निर्दोष असतां एवढ्या एका सैल जोडानें कपाळमोक्ष होतो. आणि एकदां हें बसविलें, कीं बॅटरीकडे पाहण्याची दृष्टि बदलावी लागते. जनित्र बंद पडल्यावर बॅटरी किती वेळ पुरेल, हा प्रश्न पूर्वीं दिव्यांपुरता व रेडिओपुरता होता. आतां तो इंजिनाचाहि होतो.

शेवटीं विमान जमिनीवरच बांधून इंजिन चालवून पाहतात. येथें वैमानिकानेंहि नवें शिकावें लागतें. दोन्ही बाजू आतां सारख्या नसल्यामुळें एकेक बंद करून पाहतांना फेऱ्यांची घट सारखी येत नाहीं; एकट्या मॅग्नेटोवर ती अधिक दिसते. जुने आंकडे डोक्यांत ठेवून चालत नाहीं. नव्या यंत्रणेबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील आंकडे पाठ करावे लागतात. सर्व कामाची नोंद वहींत होते, आणि मगच विमान आकाशांत जातें.

"मग दोन्ही नव्याच का नाही बसवीत?" चिरंजीवांनीं पुन्हां विचारलें. बसवितात, असें उत्तर मिळालें. मात्र तेव्हां दुसऱ्या यंत्रणेस विजेचा स्वतंत्र आधार द्यावा लागतो, दोघींचा जीव एकाच बॅटरींत ठेवून भागत नाहीं. याचें उत्तम उदाहरण वालचंदनगरच्याच डोक्यावरून जातें. बारामतीच्या धांवपट्टीवरून अलीकडच्या वर्षांत सेस्नांबरोबर टेकनाम जातीचीं इटालियन विमानेंहि उडालीं आहेत. त्यांतील रोटॅक्स ९१२ या ऑस्ट्रियन इंजिनास मॅग्नेटोचे पॉइंट नाहींत. ठिणगी इलेक्ट्रॉनिक आहे, सुरू करतांना ४ अंशांवर व पुढें २६ अंशांवर पडणारी. परंतु तिच्यासाठीं लागणारी वीज इंजिनावरच बसविलेलीं दोन स्वतंत्र वेटोळीं उत्पन्न करतात. बॅटरी पूर्ण बसली तरी इंजिन फिरतें आहे तोंवर ठिणगी पडतच राहते. म्हणजे नव्यानें जुन्याचे पॉइंट टाकले, पण स्वावलंबन टाकलें नाहीं, आणि जोडीहि मोडली नाहीं.

हें सर्व मावशी शांतपणें ऐकत होती. मध्येंच ती उठून स्वयंपाकघरांत गेली आणि परत येऊन चिरंजीवांच्या हातावर तिनें एक वस्तु ठेवली. ती काड्यापेटी होती. "तुझ्या बायकोनं बटण दाबून पेटणारी शेगडी आणली. फार छान आहे, मी तीच वापरते. वीज गेली की ते बटण चालत नाही, तेव्हा खटक्याचा लायटर. आणि तोही रुसला तर ही. नवं आणलं म्हणून मी ही टाकून दिली नाही, आणि ही आहे म्हणून नवं आणू नका असंही कधी म्हटलं नाही."

मावसबंधु व चिरंजीव दोघेहि हंसले. कारण बोलणें दोघांसहि लागू होतें. आमच्या एकत्र कुटुंबांतून जुन्या-नव्याचा वाद बहुधा एकाचें उच्चाटन करण्याच्या ईर्षेनें चालतो. विमानाच्या इंजिनाजवळ ही ईर्षा परवडत नाहीं. तेथें नव्यास जागा द्यावी लागते, कारण तें खरोखरच सरस आहे. आणि जुन्यास शेजारीं ठेवावें लागतें, कारण त्याचे दोष नव्याच्या दोषांहून निराळे आहेत. दोघांत एकच दोष असेल, तर दोन असून एकच असल्यासारखें होतें.

तरी एक गोष्ट मावशीपासून कोणी लपविली नाहीं. ठिणग्या दोन असल्या तरी पेट्रोलची वाट, पंखा, हवामान आणि माणसाचा हात यांच्याहि चुका होतात. आणि इंजिन बंद पडल्यास शेत निवडून उतरावें कसें, हें तर शिकविलेंच जातें. मावशीनें तेंहि ऐकून घेतलें. नको जाऊंस असें ती म्हणाली नाहीं.

आम्ही परत आल्यावर चार दिवसांनीं दूरध्वनि आला. मुलगी एकटी जाऊन सुखरूप परत आली होती. निघण्यापूर्वीं इंजिन १७०० फेऱ्यांवर आणून तिनें एकेक मॅग्नेटो तपासला, तेव्हां एका बाजूस ७५ फेऱ्यांची घट आली व दुसरीस ९० ची. हे दोन्ही आंकडे तिनें घरीं येतांच मोठ्या आजीस सांगितले, आणि मावशीनें ते देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर, त्या दिवसाच्या चौकोनांत, स्वतःच्या हातानें लिहून ठेवले आहेत.